एक बादली गरम पाणी

आमच्या बैठकीच्या भिंतीवर चार वर्षं एका वाघिणीचा फोटो होता. मान वळवून थेट आपल्याकडे पाहणारी, कानामागचे पांढरे ठिपके दिसावेत इतकी जवळ. मीच काढलेला. घरी येणारा प्रत्येक जण त्याच्यासमोर थांबायचा आणि मला बरं वाटायचं.

जानेवारी 2025 मध्ये नागपूरच्या सगळ्या वर्तमानपत्रांत उमरेड-कऱ्हांडला अभयारण्याची बातमी आली. 31 डिसेंबरला गोठणगाव भागात पर्यटकांच्या जिप्सींनी एफ-2 नावाच्या वाघिणीला आणि तिच्या पाच पिल्लांना दोन्ही बाजूंनी अडवलं होतं. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. बातमीसोबतचं दृश्य पाहिलं आणि मी उठून भिंतीवरचा फोटो खाली काढला, नीट पाहिला. उजव्या कोपऱ्यात दुसऱ्या जिप्सीचं चाक होतं. डावीकडे तिसऱ्या जिप्सीचं बॉनेट. फोटो छापून आणला तेव्हा ते मला दिसलंच नव्हतं. त्या दिवशी पाच-सहा गाड्या होत्या, आणि आमच्या ड्रायव्हरने थोडी पुढे घ्यावी म्हणून मी त्याच्या हातात पाचशेची नोट ठेवली होती. वाघीण वळून पाहत होती ती आमच्याकडे नव्हे. ती निघायला वाट शोधत होती.

त्यानंतर वर्षभर मी जंगलात गेले नाही. पण नागपूरच्या माणसाला जंगल सोडवत नाही. पेंच, बोर, उमरेड-कऱ्हांडला, ताडोबा, नवेगाव-नागझिरा, सगळंच हाकेच्या अंतरावर. शिवाय लेक तेरा वर्षांची झाली होती, तिला आकाश पाहायचं होतं. पेंचच्या महाराष्ट्रातल्या भागाला जानेवारी 2024 मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा काळोख जपलेली जागा, म्हणून मान्यता मिळाली, हे तिने शाळेतून आल्यावर मला सांगितलं होतं. म्हणून ठरवलं, जायचं, पण या वेळी आपण काय काय मागतो त्याची वही ठेवायची. पाणी, लाकूड, उजेड, गाडी, वेळ. पैशांचा हिशेब आपण ठेवतोच, हा दुसरा हिशेब.

तारीख पंचांग पाहून काढली. चांदणं पाहायचं तर चंद्र नको. मार्गशीर्ष अमावास्या शुक्रवार-शनिवारला येत होती, 19 आणि 20 डिसेंबर. सासूबाईंनी आधी नाक मुरडलं, ‘अमावास्येला कोणी घराबाहेर पडते का?’ पण नातीने आकाशाचं सांगितल्यावर त्याच सगळ्यात आधी तयार झाल्या. पुण्याहून दीर यायचे होते. आम्ही पाच जण.

राहायची जागा शोधायला आठवडा गेला, आणि माझ्या मते या सगळ्यातलं खरं काम तेच आहे. मी सात ठिकाणी फोन केले. प्रत्येकाला तेच चार प्रश्न: जागा कोणाची, स्वयंपाक कोण करतं, पाणी कुठून येतं, कचरा कुठे जातो. एका मोठ्या रिसॉर्टच्या माणसाने ‘मॅडम, आमचं सगळं इकोफ्रेंडली आहे’ हे वाक्य तीनदा म्हटलं, पण कचरा कुठे जातो ते त्याला सांगता आलं नाही. दुसऱ्या ठिकाणी तरणतलावाचं वर्णन ऐकलं. डिसेंबरात, जंगलाच्या काठावर, बोअरच्या पाण्याचा तलाव! मी फोन ठेवला.

सातवा फोन पेंचच्या काठावर, सिल्लारीकडच्या एका गावातल्या घरी लागला. दोन खोल्या पाहुण्यांना देतात. फोनवर मावशी होत्या. त्यांनी उत्तरं इतकी सरळ दिली की मलाच थांबावं लागलं. ‘घर आमचंच. स्वयंपाक मी अन् सून करतो. पाणी बोअरचं, उन्हाळ्यात कमी येते. कचऱ्याचं म्हणाल तर ओला ढोराले जाते, बाकीचा जाळतो जी, काय करणार? इथं कोणती गाडी येते?’

जाळतो. हे उत्तर मला आवडलं नाही, पण ते खरं होतं. आपण नेलेलं प्लास्टिक तिथे जळणार. तेव्हाच ठरलं की पुडे, वेष्टणं, जे काही न्यायचं ते परत आणायचं.

दीर पुण्याहून विमानाने आले आणि इथे भाड्याची मोठी गाडी घेऊ म्हणाले. मी एसटीचं काढलं तर त्यांना वाटलं मी काटकसर करतेय. पैसे वाचणार होते हे खरंच, बायकांना मार्च 2023 पासून तिकीट अर्धं आहे आणि सासूबाईंना शहात्तरावं लागलंय म्हणजे त्यांना काहीच नाही. पण माझं म्हणणं वेगळं होतं. देवलापारच्या रस्त्याला बस जाणारच आहे, आपण बसलो तरी आणि नाही बसलो तरी. तिथे जंगलात फिरायला जिप्सी, गावात फिरायला पाय. मग आपली गाडी दोन दिवस अंगणात नुसती उभी ठेवायला न्यायची का?

ते तयार झाले, मनापासून नव्हे.

कामठी, कन्हान, मनसर मागे पडलं आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना साग सुरू झाला. पवनीला आम्हाला उतरायचं होतं, त्यामुळे त्याच्या पुढचा रस्ता या वेळी पाहिला नाही, पण जबलपूरला जाताना अनेकदा पाहिलाय. राष्ट्रीय महामार्ग 44 चौपदरी करताना तो पेंचच्या जंगलातून जात होता म्हणून मोठा वाद झाला, न्यायालयात गेला, आणि शेवटी जनावरांना खालून जाता यावं म्हणून महाराष्ट्रातल्या भागात नऊ ठिकाणी रस्ता उचलून घेतला. त्यातला सगळ्यात लांब उचललेला भाग 750 मीटरचा. वरून ट्रक जातात, खालून चितळ, रानडुकरं, वाघही जातात. तिथे लावलेल्या कॅमेऱ्यांत ते टिपलं गेलंय. बसमध्ये लेकीला हे सांगत होते तर पुढच्या सीटवरचे एक आजोबा वळून म्हणाले, ‘त्याच्या आधी रस्त्यावर मरून पडायचे बाई. मी पाहिले.’ आणि पुन्हा पुढे वळून बसले.

पवनीहून काळीपिवळी मिळाली. घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती.

गावातला रस्त्यावरचा दिवा आधी पाहा, लेक म्हणाली. खांबावरच्या दिव्याला वरून टोपी होती, उजेड सगळा खाली पडत होता. रस्त्यावर थाळीएवढा गोल पिवळा उजेड, त्याच्या बाहेर काळोख, आणि वर काहीच नाही. आमच्या मानेवाड्याच्या दिव्यांसारखी वर पसरणारी धुरकट लाली नव्हती. डार्क स्काय पार्कसाठी वाघोली, सिल्लारी, पिपरिया आणि खापा या गावांतले शंभरावर दिवे असे बदलले आहेत. ही मान्यता फक्त जंगलाला मिळत नाही, काठावरच्या माणसांना आपला उजेड आवरावा लागतो. गावाने तो आवरलाय. आम्ही आल्या आल्या अंगणातला मोठा बल्ब लावला, तेवढ्यात मावशींच्या नातवाने येऊन तो बंद केला आणि काही न बोलता निघून गेला.

मावशींनी पाटवडी-रस्सा आणि भाकरी वाढली. जेवणानंतर आम्ही घरामागच्या बांधावर गेलो. लेकीने मोबाइलच्या टॉर्चवर पतंगीचा लाल कागद दोन पदरी चिकटवला होता, लाल उजेडाने डोळ्यांची अंधाराची सवय मोडत नाही म्हणून. पहिली पाच मिनिटं नेहमीचं आकाश दिसलं. मग डोळे जसे उघडत गेले तसं ते भरत गेलं. कृत्तिकांचा घोस, त्याखाली रोहिणी, पूर्वेला गुरू इतका ठळक की सासूबाईंना ते विमान वाटलं. मृगाच्या पोटातला बाण त्यांनी स्वतः ओळखला. ‘तिकांडं! माहेरी खळ्यात झोपायचो तेव्हा पाहत होतो. मग दिसलंच नाही.’ पन्नास वर्षं त्या नागपुरात आहेत. त्या रात्री त्या सगळ्यात शेवटी घरात आल्या.

दिरांना शेकोटी हवी होती. थंडी कडक होती आणि मावशींनी लाकडं रचूनही ठेवली होती, कारण प्रत्येक पाहुणा मागतोच. मी नको म्हटलं तर मावशींना वाईट वाटलं, आपलं काही कमी पडलं असं. मग मी विचारलं, लाकूड कुठून आणता? त्या म्हणाल्या, जंगलातून, वाळलेलं, डोक्यावर. घरी गॅस आहे, बफरमधल्या, म्हणजे जंगलाच्या काठच्या पट्ट्यातल्या, गावांना जन-वन विकास योजनेतून मिळालाय, स्वयंपाक त्यावर होतो. ‘पण पाहुण्याच्या आंघोळीचं पाणी गॅसवर कसं परवडेल? पाच माणसं म्हणजे पाच बादल्या. ते चुलीवरच.’

त्या सहज बोलल्या आणि भांडी घासायला गेल्या. मला मात्र रात्री झोप लागेना. आजवर मी कचऱ्याचा विचार केला, गाडीचा केला, वाघाचा केला. गरम पाण्याचा कधी केला नव्हता. विदर्भात वाघाच्या हल्ल्याच्या बातम्या येतात तेव्हा त्यात किती वेळा असतं: मोहफुलं वेचायला, तेंदूपानं तोडायला, सरपण आणायला गेलेली बाई. वाकून काम करणारी बाई वाघाला माणसासारखी दिसत नाही, असं जंगलखात्याची माणसं सांगतात. माझी आंघोळ म्हणजे त्या जंगलातल्या दोन मोळ्यांतला एक वाटा होता. वहीत ‘लाकूड’ या शब्दापुढे मी शेकोटी लिहायला जागा सोडली होती. आंघोळ मला सुचलीच नव्हती.

सकाळी मी मावशींना सांगितलं, सासूबाईंना एक बादली, बाकी आम्ही सफारीहून आल्यावर दुपारी अंगणात उन्हात तापलेल्या पाण्याने करू. मावशींनी मोठी काळी टाकी उन्हात सरकवून घेतली. त्या पाण्याने थंडी वाजली नाही असं नाही. पण चाललं.

पहाटे पाचला उठलो तेव्हा उत्तरेला सप्तर्षी उभे होते. मावशी चहा घेऊन अंगणात आल्या आणि लेकीला म्हणाल्या, ‘ते चार तारे म्हातारीची खाट. अन् मागचे तीन आहेत ना, ते चोर. खाट चोराले आले. म्हातारी जागीच आहे, म्हणून चोर रात्रभर फिरतात पण खाट काही नेता येत नाही.’ लेकीने ते वहीत लिहून घेतलं. तिथे टॉर्च कशासाठीच लागला नाही.

सफारीची जागा आम्ही वनविभागाच्या संकेतस्थळावर आधीच घेतली होती. मोबाइल घरीच ठेवले, दिरांचा कॅमेरा तेवढा सोबत. गेटवर गाईड आणि ड्रायव्हर भेटले, दोघेही आसपासच्या गावातले. गाडी निघण्याआधी मी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, ‘दादा, आम्हाला वाघ दिसलाच पाहिजे असं काही नाही. जनावर जवळ आलं तर तुम्ही मागे घ्या, आम्ही काही म्हणणार नाही. आणि टिप जी द्यायची ती वाघावर अवलंबून नाही.’

गाईडने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. मग म्हणाला, ‘ताई, हे आम्हाला कोणी आधी सांगत नाही. सकाळी सगळे म्हणतात निसर्ग पाहायला आलो. नऊ वाजले की विचारतात, वाघ कुठे?’

त्याचा सगळा धंदा त्या ‘वाघ कुठे’वर चालतो. जंगलाच्या आतल्या, गाभा क्षेत्राचा 20 टक्क्यांहून जास्त भाग पर्यटनासाठी उघडता येत नाही, त्यामुळे सगळ्या गाड्या त्याच मोजक्या रस्त्यांवर. एकाला वाघ दिसला की बाकीचे तिकडे धावतात, कारण न धावणाऱ्याला टिप मिळत नाही आणि पुढच्या खेपेला पाहुणा दुसरा गाईड मागतो. नियमात जनावरापासून किमान 20 मीटर अंतर आहे. ते पाळायचं ओझं त्या दोघांवर, आणि ते मोडायचा दबाव आमचा. गोठणगावनंतर निलंबन झालं ते गाईड-ड्रायव्हरचं. मागच्या सीटवर बसून ‘पुढे घ्या’ म्हणणाऱ्यांची नावं कोणाला माहीत नाहीत. माझंही नाही.

आम्हाला घाई नाही हे त्यांना कळल्यावर गाडीच वेगळी चालली. एका पाणवठ्यापाशी इंजिन बंद करून आम्ही अर्धा तास बसलो. रानकुत्र्यांची टोळी आली, सात होते, पाणी प्यायले, पोटभर खेळले आणि गेले. गाईडने सालईच्या खोडावर अस्वलाच्या नखांचे ओरखडे दाखवले. मागून तीन गाड्या धूळ उडवत गेल्या.

आठच्या सुमारास वाघीण आली. एका बाजूला बांबू, दुसऱ्या बाजूला खोल नाला, मधे एकच गाडी जाईल एवढा रस्ता. वळणावरून ती समोर निघाली आणि सरळ आमच्याकडे चालत राहिली. शंभर पावलं असेल अंतर. वाघांना हे रस्ते आवडतात, मऊ धूळ, काटे नाहीत. ड्रायव्हरने गाडी मागे घ्यायला सुरुवात केली.

‘वहिनी, दोन मिनिटं,’ दीर म्हणाले. कॅमेरा डोळ्याला होता. गाईडने ड्रायव्हरकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. मागे पन्नासेक मीटरवर दुसरी जिप्सी येऊन थांबली होती. त्यातून कोणी तरी दबक्या आवाजात म्हणत होतं, ‘थांबा, थांबा.’

मलाही तो फोटो हवा होता. हे लिहिलंच पाहिजे, कारण सकाळी गेटवर बोलणं सोपं होतं. ती अगदी समोर होती, कोवळं ऊन तिच्या पाठीवर, आणि मध्ये कुठलं चाक नव्हतं की बॉनेट नव्हतं. माझ्या तोंडून काही निघेना. मागून सासूबाईंनी ड्रायव्हरच्या खांद्याला हात लावला आणि म्हणाल्या, ‘घे बाबा मागे. तिची वाट आहे.’

त्याने हात बाहेर काढून मागच्या गाडीलाही खूण केली, आणि दोन्ही गाड्या उलट्या गतीने फाट्यापर्यंत, जवळजवळ अर्धा किलोमीटर, मागे गेल्या. वाघीण थोडं अंतर आणखी चालली, थांबली, हवा हुंगली आणि नाल्यात उतरली. आम्हाला बांबूतून तिची पाठ दिसली तेवढीच. गाईड म्हणाला, तिला तिथेच उतरायचं असणार, आपण उभे असतो तर ती बांबूत शिरून बसली असती आणि ऊन चढेपर्यंत निघाली नसती.

दीर जेवणापर्यंत बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘मी एवढ्या लांबून आलो होतो, वहिनी.’ मी काही बोलले नाही. त्यांचं म्हणणं मला कळत होतं. मीही पाच वर्षांपूर्वी लांबूनच आले होते, पाचशेची नोट घेऊन.

रविवारी परत निघताना मावशींनी सासूबाईंना जवस-तिळाची चटणी बांधून दिली, पळसाच्या पानात. आम्ही वेष्टणांची पिशवी सोबत घेतली. घरी येऊन वजनकाट्यावर ठेवली तर 340 ग्रॅम भरली, दोन दिवसांत, पाच माणसांची, इतकं ठरवून गेल्यावरही. त्यात निम्मी बिस्किटांची आणि चिवड्याची पाकिटं होती, जी मावशींच्या घरी लागलीच नसती. पुढच्या वेळी डब्यातून न्यायचं. महापालिकेच्या कचरागाडीत ती सुक्या कचऱ्यात टाकली.

वाघिणीचा जुना फोटो मी पुन्हा लावला नाही, फाडलाही नाही. कपाटात आहे.

आठवड्याने मावशींचा फोन आला. 31 डिसेंबरला बारा जणांची पार्टी येतो म्हणते, स्पीकर लावू का विचारते, कसं नाही म्हणू? पैसे चांगले देत होते. मी त्यांना काय करा ते सांगितलं नाही, त्यांचं घर आहे, सुनेचं बाळंतपण जवळ आलंय. एवढंच म्हटलं, पाटी लावली तर तोंडाने सांगावं लागत नाही. मजकूर लेकीने लिहून काढला आणि मोबाइलवर पाठवला:

आवाज नाही.
रात्री अंगणातला दिवा बंद राहील.
प्लास्टिक परत न्यावे.
आंघोळीला माणशी एक बादली.

दुसऱ्या दिवशी पाटीचा फोटो आला. नातवाने पत्र्यावर निळ्या रंगाने रंगवली होती, अक्षर सुरेख होतं. ओळी तीनच होत्या. मी फोन केला तर मावशी म्हणाल्या, ‘बादलीचं नाही लिहिलं जी. थंडीत आलेल्या पाहुण्याले पाणी मोजून देतो असं दारावर लिहिणं बरं नाही दिसत. ते मी चहा देताना तोंडी सांगीन.’